उमेदवारीच्या वर्षाचा हिशेब

पदवी परीक्षांचे निकाल लागू लागले की आमच्यासारख्या सनदी लेखापालांच्या लहान कार्यालयांत एका विशिष्ट प्रकारच्या अभ्यागतांची ये-जा सुरू होते. कधी सोसायटीतील शेजारी येतात, कधी दूरचे नातेवाईक, तर कधी एखाद्या जुन्या स्नेह्याची चिठ्ठी घेऊन प्रत्यक्ष मुलगा किंवा मुलगीच येते. चहापाणी होते, घरची विचारपूस होते आणि मग मूळ विषय निघतो. मुलाला कोठे तरी इंटर्नशिप हवी असते. 'पगाराची अपेक्षा नाही, अनुभव मिळाला म्हणजे झाले,' हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यातील काहींना अनुभवही नको असतो. त्यांना केवळ अनुभवाचे प्रमाणपत्र हवे असते.

अशी एक सही दोन वर्षांपूर्वी मी केलेली आहे. ते प्रथम सांगून टाकतो, कारण या विषयावर लिहिण्याचा मला जो काही अधिकार असेल तो त्या सहीतूनच आलेला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रात सुरू झाल्यानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कार्यस्थळी प्रशिक्षणाचे चार श्रेयांक आले. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकूण एकशेवीस तास. शेजारच्यांचा मुलगा एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. मुलगा सालस, आईवडील सज्जन. 'काका, एवढी एक सही हवी होती, बाकी सगळे त्याने भरलेले आहे,' असे म्हणून वडिलांनी अर्ज पुढे केला. एकशेवीस तासांची तारीखवार नोंद त्यात सुबक अक्षरांत केलेली होती. तो मुलगा माझ्या कार्यालयात एकूण दोनदा आला होता, त्यातील एकदा पेढे द्यायला. मी सही केली आणि शिक्काही उमटवला.

पुढच्या वर्षी माझ्या एका व्यवसायबंधूंचा दूरध्वनी आला. तो मुलगा त्यांच्याकडे नोकरीसाठी गेला होता. 'तुमच्याकडे शिकला म्हणून घेतला, पण याला बँकेच्या खातेउताऱ्याचा ताळमेळ घालता येत नाही हो. तुम्ही नक्की काय शिकवलेत?' असे त्यांनी अगदी सहज विचारले. मी काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही. महिन्याभरात त्या मुलाची नोकरी गेली. मुलगा आजही जिन्यात भेटला की खाली मान घालून जातो. खरे पाहता, मान मी खाली घालायला हवी. त्याला एकशेवीस तास बसवून घेतले असते, तर जे शिकायला त्याला पंधरा दिवसही लागले नसते, ते न शिकल्याची लाज आता तो वागवतो आहे.

इंटर्नशिप हा शब्द आपल्याकडे नवा असला, तरी वस्तू नवी नाही. मराठीत तिला 'उमेदवारी' असा नेटका शब्द आहे. आज तो निवडणुकीच्या अर्जापुरता आणि बंडखोरीच्या बातम्यांपुरता उरला आहे, ही गोष्ट वेगळी. परंतु पूर्वी कचेरीत, पेढीवर किंवा कारखान्यात काम शिकण्यासाठी म्हणून बिनपगारी वा नाममात्र वेतनावर राहणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि 'अमक्याकडे दोन वर्षे उमेदवारी केली' हे अभिमानाने सांगितले जाई. १९६१च्या अप्रेंटिसशिप कायद्यातील प्रशिक्षणार्थीला आपण आजही 'शिकाऊ उमेदवार' म्हणतो. या शब्दात उमेद आहे, तशीच एक जबाबदारीही आहे. उमेदवार ज्याच्याकडे राहतो त्याने त्याला शिकवायचे असते. ही दुसरी बाजू आपण अलीकडे विसरत चाललो आहोत.

ज्या व्यवसायांनी ती विसरू दिली नाही, तेथे उमेदवारी आजही टिकून आहे. वैद्यकीय पदवीनंतर वर्षभराची सक्तीची आंतरवासिता केल्याशिवाय कोणी डॉक्टर होत नाही. आमच्या व्यवसायात १९४९च्या कायद्याने संस्था स्थापन झाली आणि पिढ्यान् पिढ्यांनी तीन वर्षांची आर्टिकलशिप केली. २०२३च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. येथे शिकाऊ विद्यार्थ्याची संस्थेकडे नोंद होते, किमान विद्यावेतन ठरलेले असते, कोणी किती विद्यार्थी घ्यावेत यालाही मर्यादा असते. एवढे असूनही नावापुरती आर्टिकलशिप दाखवण्याचे प्रकार घडतातच, हे या क्षेत्रातला माणूस नाकारणार नाही. मग जेथे नोंद नाही, नियम नाही आणि विचारणारेही कोणी नाही, अशा साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या मुलांच्या इंटर्नशिपचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

मी स्वतः मिरजेहून पुण्याला आलो तो आर्टिकलशिपसाठीच. साल १९८९. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते कडक शिस्तीचे होते. खतावणीत खाडाखोड दिसली की पान पुन्हा लिहायला लावत. विद्यावेतन इतके अल्प होते की त्यात माझे दोन वेळचे जेवणही भागले नसते. तरी तीन वर्षे मी पुण्यात राहिलो, कारण माझी आत्या पुण्यात राहत होती. दोन खोल्यांच्या घरात तिची तीन मुले आणि चौथा मी. सकाळी तिच्या हातचा डबा घेऊन मी निघत असे. पुढे अनेक वर्षे 'मी कष्टाने शिकलो' असे मी लोकांना सांगत आलो. ते खोटे नव्हते. पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाने एक रक्कम वहीत चढवायची विसरावी, तसे माझे झाले होते. माझ्या उमेदवारीचा खर्च माझ्या आत्याने केला होता. ज्याला पुण्यात आत्या नव्हती, तो माझ्याहून हुशार असूनही मिरजेतच राहिला.

ही विसरलेली रक्कम मला आठवली ती लातूरकडच्या एका मुलीमुळे. बी.कॉम. झालेली, मराठी माध्यमातली, वडिलांची थोडी कोरडवाहू शेती. तिने स्वतःच पत्र लिहून काम शिकण्याची इच्छा कळवली होती. पत्रातले अक्षर आणि भाषा पाहून मी तिला बोलावले आणि महिना पाच हजार रुपये देऊ केले. शिकाऊ मुलीला हे पुष्कळ झाले, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या दिवशी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी येऊन जिन्यात उभी होती. तेव्हापासून एकही दिवस तिला उशीर झाला नाही.

आमच्या सौ. महिन्यातून एकदा सर्वांसाठी घरून काही तरी करून आणतात. त्या दिवशी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दुपारी सगळे डबे उघडत, तेव्हा ही मुलगी काही तरी निमित्त काढून फायली लावत बसे. सौ.नी तिला बाजूला घेऊन विचारले. कॉट बेसिसवर घेतलेल्या जागेचे भाडे आणि मेसचे पैसे यांतच पाच हजार संपत होते. बसच्या पासाला आणि वरखर्चाला काही उरावे म्हणून तिने मेस एक वेळची ठेवली होती. घरून पैसे मागायचे नाहीत, असे तिने ठरवले होते. पदवीपर्यंत ती वसतिगृहात राहिली होती. पदवी हाती पडली आणि वसतिगृहाची खोली सोडावी लागली.

मला वाटते, या विषयाचे मर्म येथे आहे. शिक्षण चालू असते तोवर शिष्यवृत्ती असते, वसतिगृह असते, विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था १९५५पासून पुण्यात खेड्यांतल्या मुलांच्या पाठीशी उभ्या आहेत. नोकरी लागली की पगार असतो. या दोहोंच्या मधले जे वर्ष, ते कोणाचेच नसते. नेमक्या त्याच वर्षात आपण मुलांना सांगतो की अनुभव घ्या, अनुभवाशिवाय नोकरी नाही. हा अनुभव फुकट मिळत नाही. तो कोणी ना कोणी विकत घेत असतो, आणि बहुधा मुलाचे घर तो विकत घेते. ज्याचे घर पुण्यात किंवा ठाण्यात आहे त्याला तो स्वस्तात मिळतो. ज्याचे घर औशात किंवा गेवराईत आहे त्याला तो परवडत नाही. बिनपगारी इंटर्नशिपची जाहिरात सर्वांसाठी खुली दिसते, पण दार उघडते ते ज्याच्या घरचे खाते भरलेले आहे त्याच्यासाठीच.

शासनाला याची जाणीव नाही असे नव्हे. अप्रेंटिसशिप कायदा प्रथम कारागिरांपुरता होता. १९७३मध्ये त्यात अभियांत्रिकी पदवीधर आले आणि २०१४च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही वाट मोकळी झाली. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९च्या नियमांत पदवीधरासाठी महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरले होते, आणि पदवीधरांच्या योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. पश्चिम विभागाचे हे काम मुंबईत शीव येथील मंडळाकडून चालते. तीसपेक्षा कमी माणसे असलेल्या लहान आस्थापनांनाही स्वेच्छेने सहभागी होता येते. माझ्या परिचयातील किती उद्योजकांना हे ठाऊक आहे म्हणून मी सहज चौकशी केली, तर बहुतेकांनी 'ते आयटीआयच्या मुलांसाठी असते ना?' असा प्रतिप्रश्न केला.

२०२४ साली दोन मोठ्या योजना आल्या. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये महिना देण्यात आले. सहा महिन्यांची मुदत पुढे वाढवून अकरा महिने करण्यात आली. केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील पाचशे अग्रणी कंपन्यांत वर्षभराची संधी देण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. विद्यावेतन महिना पाच हजार आणि रुजू होताना एकदाच सहा हजार. प्रायोगिक पहिल्या फेरीत कंपन्यांनी ८२ हजारांहून अधिक प्रस्ताव दिले. त्यांपैकी सुमारे २८ हजार तरुणांनी ते स्वीकारले, आणि प्रत्यक्षात नऊ हजारही रुजू झाले नाहीत. आपल्याकडील तरुणांना कष्ट नकोत, असा निष्कर्ष काहींनी तत्काळ काढला. ठिकाण दूर, काम आवडीचे नाही, मुदत लांब, अशी कारणे पुढे आली. मला त्या आकड्यांत ती दुपारी फायली लावत बसणारी मुलगी दिसते. परक्या शहरात पाच हजारांत वर्ष काढायचे म्हटल्यावर जो मुलगा घरी थांबला, त्याने हिशेब चुकीचा केला असे मी म्हणू शकत नाही.

राज्याच्या योजनेचा अनुभव दुसऱ्या दिशेने बोलका आहे. २०२५मध्ये तिच्यातील प्रशिक्षणार्थींनी सेवेत कायम करा, या मागणीसाठी आंदोलने केली. प्रशिक्षणाला आलेल्याने कायम करा म्हणावे हे वरवर विसंगत वाटते. परंतु एखाद्याला रिकाम्या पदाच्या खुर्चीवर बसवले, त्या पदाचे रोजचे काम त्याच्याकडून करून घेतले आणि मुदत संपताच प्रमाणपत्र हाती देऊन निरोप दिला, तर आपण शिकत होतो की राबत होतो हे त्याला कळावे कसे? विद्यावेतन देऊन पोटाचा प्रश्न सुटतो. शिकवण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

त्या लातूरच्या मुलीकडे पुन्हा येतो. आम्ही तिचे विद्यावेतन दुप्पट केले. आमच्याच इमारतीत एक आजी एकट्या राहतात, त्यांनी तिला एक खोली दिली. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कथा आपण आजोबांकडून ऐकलेल्या आहेत. ती पद्धत आता परत येणार नाही आणि येऊही नये, तिच्यात उपकाराचा भार फार होता. येथे भाडे होते, कमी होते एवढेच. आणि आजींना रात्री घरात कोणी तरी असण्याची सोबत झाली.

शिकवण्याचे म्हणाल तर पहिले दोन महिने माझे नुकसानच झाले, हे कबूल केले पाहिजे. रोजचा पाऊण तास तिच्यासाठी जाई. फोन वाजला की ती दचकून उभी राहायची. ग्राहकाशी काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून घेई. तिसऱ्या महिन्यात मी तिच्याकडे एका व्यापाऱ्याची खरेदी नोंदवही आणि जीएसटीच्या संकेतस्थळावरचे विवरण यांचा ताळमेळ सोपवला. दोन दिवसांनी ती माझ्या टेबलाशी येऊन नुसतीच उभी राहिली. काय झाले विचारले तर म्हणाली, 'सर, माझेच काही तरी चुकले असेल.' तिचे चुकले नव्हते. एकच बिल दोनदा नोंदवले गेले होते. एकदा क्रमांक शून्यासह, एकदा शून्याविना. त्यामुळे संगणकाने ती दोन बिले मानली होती आणि व्यापाऱ्याच्या खात्यात कराचे क्रेडिट दोनदा आले होते. आमच्या अनुभवी लेखनिकाच्या नजरेतूनही ते निसटले होते.

आकडे जुळवायला महाविद्यालयात शिकवतात. पुस्तकातली उदाहरणे शेवटी जुळतातच, तशी ती रचलेलीच असतात. आकडे जुळत नाहीत तेव्हा काय करायचे, कोणाला विचारायचे, चूक आपली की समोरच्याची हे कसे शोधायचे आणि समोरचा वयाने मोठा असेल तर ते त्याला कोणत्या शब्दांत सांगायचे, हे पुस्तकात नसते. उमेदवारीत शिकायचे ते हे. त्या दिवशी मी तिलाच त्या व्यापाऱ्याला फोन करायला सांगितले. तिने या वेळी कागदावर काही लिहून घेतले नाही.

आठ महिन्यांनी ती सोडून गेली. एका कारखान्याच्या लेखा विभागात तिला चांगली नोकरी लागली. मला वाईट वाटले, थोडा रागही आला. हाताशी आलेले माणूस ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत गेले. 'शिकवले की पळतात, मग शिकवायचे कशाला?' ही तक्रार मी इतरांकडून नेहमी ऐकतो आणि त्या दिवशी ती माझ्याही तोंडी आली. मग आठवले की माझ्या गुरूंकडून आर्टिकलशिप पुरी करून मीही असाच निघालो होतो, आणि त्यांच्याच रस्त्यावर चार इमारती सोडून पाटी लावली होती. त्यांनी पाटीला हार घातला होता.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो, आणि तो मला अधिक काळजीचा वाटतो. सहा महिने इंटर्नशिप म्हणजे वर्ष वाया, अशी अनेक घरांची धारणा आहे. तीच घरे मुलाला पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी चार-चार, पाच-पाच वर्षे बसवतात, दर महिन्याला पैसे पाठवतात आणि त्याला मात्र कोणी वाया म्हणत नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांविषयी मला आदर आहे. त्यांतील काहींनी उत्तम प्रशासक होऊन दाखवले आहे. परंतु जागा मोजक्या आणि इच्छुक अगणित, हे गणित घरात एकदा मांडायला काय हरकत आहे? परीक्षेची तयारी करता करता वर्षातले चार महिने एखाद्या पतसंस्थेत, वर्तमानपत्राच्या कार्यालयात किंवा प्रयोगशाळेत काम शिकलेला मुलगा तिशीत रिकाम्या हातांनी गावी परतत नाही.

वकिलीच्या क्षेत्रातही हाच प्रश्न उभा आहे. कनिष्ठ वकिलांना शहरी भागात महिना किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४मध्ये सुचवले. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. ती किती ज्येष्ठ वकील पाळतात हे त्यांच्या कनिष्ठांनाच विचारावे.

या साप्ताहिकाच्या वाचकांत लहान-मोठ्या आस्थापना चालवणारे, शाळा-रुग्णालये-पतपेढ्यांच्या संचालक मंडळांवर असणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे येथे लिहिले. आपल्याकडे एक रिकामे टेबल असते, शहरात राहणाऱ्या पुष्कळांकडे एक रिकामी खोलीही असते. वर्षाला एका मुलाला नीट शिकवणे, त्याच्या जेवणाखाणाचा खर्च भागेल एवढे विद्यावेतन देणे आणि शेवटी त्याला जे येते तेवढेच प्रमाणपत्रात लिहिणे, हे आपल्या आवाक्यातले आहे. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. विद्यावेतन देताना मला जेवढा त्रास झाला नाही, तेवढा 'सही मिळणार नाही' हे शेजाऱ्याला सांगताना होतो.

यंदाही एक अर्ज आला आहे. आमच्या चुलत मेव्हण्यांची मुलगी. नोंदी भरून तयार आहेत, फक्त सहीची जागा मोकळी आहे. सौ.नी तो अर्ज दोनदा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि दोनदा उचलून नेला. मी अजून सही केलेली नाही. कार्यालय सोमवारी सकाळी साडेनऊला उघडते आणि डबा सोबत आणावा, एवढेच मेव्हण्यांना कळवले आहे.